घरात माणसं मोजकी, वायफायवर तेवीस : पासवर्ड बदलू की पोरांना विचारू?

शेंगाचटणी (लातूर) | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. घर लातूरला, औसा रोडच्या बाजूला. खाली आम्ही चौघं, वर दोन खोल्यांत नीटची तयारी करणारी सहा पोरं भाड्यानं. भाड्यात वायफाय धरलेलं आहे, कारण लातुरात आता वायफाय नसलेली खोली कुणी बघायलाही येत नाही. केबलवाल्याचं फायबर, महिन्याला ५०० जीबी, ते संपलं की स्पीड मुंगीच्या पावलानं.

दोन वर्षं महिना निवांत जायचा. आता तीन महिने झाले, वीस तारखेच्या आत ५०० संपायलेत. ह्यांची ऑनलाइन मीटिंग अडकली की सगळा राग वरच्या पोरांवर निघतो. परवा मीही जिन्यात उभी राहून पोरांना बोलले, पिक्चर उतरवता का रात्री म्हणून. त्यातलं एक पोरगं रडकुंडीला आलं. म्हणालं, काकू, मला तर बाबांनी बटणाचा फोन दिलाय.

मग काल भाच्यानं फोनवरून सांगितलं तसं १९२.१६८.१.१ उघडलं, राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावरचं नाव आणि पासवर्ड टाकला, आत गेले. यादीत तेवीस! आमचे फोन चार, टीव्ही, लॅपटॉप. पोरांचे फोन पाच, टॅब दोन. झाले तेरा. उरलेले दहा कोण? काहींना नावच नाही, नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं. वरचीच पोरं चोरून दुसरे फोन वापरतात असं ह्यांचं म्हणणं. मला तसं वाटत नाही. कुठून सुरुवात करू?

मोसंबीवाला (जालना) | रविवार, रात्री ९:५८

ताई, सोपं आहे. राउटरमध्ये जाऊन नेटवर्कचं नाव लपवून टाका, म्हणजे कुणाला दिसणारच नाही. आणि मॅक फिल्टर लावून तुमचे तेराच ठेवा. मी चार वर्षं असंच चालवतोय, एक माणूस घुसला नाही.

गोदाकाठ (नांदेड) | रविवार, रात्री १०:२५

मोसंबीभाऊ, तुमचं उत्तर थोडं बाजूला ठेवतो, त्यावर नंतर येतो.

ताई, आधी यादी नीट वाचू. मी सात वर्षं एका केबलवाल्याकडं फायबर जोडायचं काम केलंय, अशा तेवीसच्या याद्या पुष्कळ पाहिल्या. तुम्ही जी यादी पाहिली ती बहुतेक डीएचसीपीची असणार. राउटरनं कुणाकुणाला पत्ता दिला त्याची ती वही. पाहुणा सकाळी येऊन गेला तरी त्याच्या पत्त्याची मुदत संपेपर्यंत नाव तिथंच राहतं. आत्ता कोण जोडलेलं आहे ते 'वायरलेस क्लायंट्स' किंवा 'असोसिएटेड डिव्हायसेस' अशा पानावर दिसतं. ते रात्री अडीच-तीनला बघा. तेव्हा पोरंही झोपलेली असतात, टीव्हीही बंद.

दुसरं, ते बिननावाचे आकडे म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, वायफायवरच्या प्रत्येक उपकरणाचा ओळख नंबर. त्याचा पहिला अर्धा भाग कंपनीचा असतो, नेटवर शोधला की कुणी बनवलंय ते कळतं. पण अँड्रॉइड १० पासूनचे फोन आणि आयओएस १४ पासूनचे आयफोन खरा नंबर न देता बनावट देतात. ओळखायची खूण सांगतो. नंबरातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट, म्हणजे जवळपास नक्की एखादा फोन किंवा टॅब. तसं नसेल तर टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर, जुना फोन असलं काहीतरी.

आणि एक विचारू का? पासवर्ड काय आहे ते सांगू नका, कसा आहे ते सांगा. कुणी टाकला होता?

शेंगाचटणी (लातूर) | रविवार, रात्री १०:४१

कनेक्शन जोडायला आलेल्या मुलानं. दोन वर्षांत बदललेला नाही. माझा मोबाइल नंबर.

येडशीचा_वाटसरू (धाराशिव) | रविवार, रात्री १०:४४

ताई, खोल्या भाड्यानं देता ना? गेटवर बोर्ड असेल, 'रूम भाड्याने देणे आहे'. त्याच्याखाली कुणाचा नंबर आहे?

शेंगाचटणी (लातूर) | रविवार, रात्री १०:५२

अगं बाई.

शेंगाचटणी (लातूर) | रविवार, रात्री १०:५३

टॉर्च घेऊन बाहेर जाऊन बघून आले. लाल रंगानं, ठळक, वीतभर आकड्यांत. दोन वर्षं पासवर्ड गेटवर टांगलाय मी.

जिंतूरनाका (परभणी) | रविवार, रात्री ११:०२

😂😂 वहिनी, तुम्ही तर पाणपोई घातली की.

गोदाकाठ (नांदेड) | रविवार, रात्री ११:३०

हसू नका रे, निम्म्या मराठवाड्याचा पासवर्ड हाच आहे. जोडणारा पोरगा दिवसाला आठ-दहा घरं करतो. ग्राहकाला विचारलं तर ग्राहक म्हणतो, तुम्हीच टाका काहीतरी. मग फॉर्मवरचा मोबाइल नंबर टाकून मोकळं व्हायचं. मीही टाकलेत, कबूल करतो. ग्राहक विसरत नाही आणि आपल्याला परत फोन येत नाही, एवढाच हिशोब असायचा.

पण बोर्ड नसता तरी मोबाइल नंबर हा पासवर्ड कच्चाच. फोन वायफायला जोडताना राउटर आणि फोन यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. पासवर्ड त्यात थेट जात नाही, पण त्यापासून काढलेली खूण जाते. ती हवेतून कुणीही टिपू शकतो. टिपली की तो घरी जातो आणि कॉम्प्युटरला एकेक पासवर्ड लावून बघायला सांगतो. तुमच्या राउटरला पत्ताही लागत नाही, तीन चुकल्यावर कुलूप वगैरे इथं नसतं. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८, ९ नं सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. ऐकायला मोठा आकडा. पण गेम खेळायच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डवर सेकंदाला लाखांनी पासवर्ड तपासून होतात. काही तासांचं काम आहे.

म्हणून लांबी वाढवा. ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत टाकता येतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा. धपाटं, कंदील, सायकल, वांगं असं काहीही. पोरांची नावं, जन्मतारीख, गणपती-विठोबा नको. देवाच्या नावापुढं १२३ लावलेले पासवर्ड तर यादीत सगळ्यांत वर असतात.

आता मोसंबीभाऊ. नाव लपवलं तरी तुमचा फोन त्या नावानं हाका मारत फिरतो, स्टेशनवर, बाजारात, सगळीकडं. ऐकणाऱ्याला ते नाव मिळतं. मॅक फिल्टरचं म्हणाल तर मॅक नंबर हवेत उघडा असतो, दुसऱ्यानं तो आपल्या लॅपटॉपला लावला की राउटर त्याला ओळखीचाच समजतो. वर नवीन फोन स्वतःच नंबर बदलतात, त्यामुळं घरचाच माणूस बाहेर राहतो. चोराला अडचण नाही, तुम्हाला मात्र पाहुणा आला की राउटर उघडून बसायचं.

मोसंबीवाला (जालना) | रविवार, रात्री ११:३८

हे खरंय. बायकोनं नवा फोन घेतला तेव्हा दोन दिवस नेट लागत नव्हतं. मी कंपनीला शिव्या घातल्या. 🙈

नीट_रिपीटर (लातूर) | सोमवार, सकाळी ६:१५

काकू, मी दुसऱ्या घरात राहतो, तुमच्याकडं नाही. पण आतली गोष्ट सांगतो. आम्हाला पासवर्ड पाठ असायची गरजच पडत नाही. एकाच्या फोनमध्ये वायफायचं सेटिंग उघडून शेअर दाबलं की क्यूआर कोड येतो, दुसरा स्कॅन करतो. त्या कोडच्या खाली पासवर्ड अक्षरांत लिहिलेला पण असतो. मेसला जेवायला येणारी, शेजारच्या गल्लीतली, टेस्ट सिरीजचे व्हिडिओ उतरवायला एका रात्रीपुरती आलेली पोरं, सगळी असंच घेतात. कुणी चोर नसतो, पण एकदा फोनमध्ये बसलं की पुढच्या वेळी गेटजवळून जाताना फोन आपोआप जोडला जातो.

आणि ती फुकट वायफाय दाखवणारी अ‍ॅप असतात ना, ती एखाद्यानं टाकली तर त्याच्याजवळचा पासवर्ड त्या अ‍ॅपच्या यादीत जाऊ शकतो. मग अनोळखी माणसाला नकाशावर तुमचं घर दिसतं.

त्या बटणवाल्या पोराला ओरडू नका प्लीज. पहिल्या वर्षी माझाही तसाच होता.

जिंतूरनाका (परभणी) | सोमवार, सकाळी ८:४०

मला एक कळत नाही, एवढी कुलपं कशाला लावायलेत लोक? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा ज्याच्या बोअरला पाणी होतं त्यानं गल्लीला दिलं का नाही? मग वायफायला नाही म्हणायचं? शेजाऱ्याचं पोरगं फॉर्म भरायला आलं तर 'पासवर्ड नाही' म्हणून तोंड वाकडं करायचं, हे आपल्याकडं होत नाही बाप्पा.

शेंगाचटणी (लातूर) | सोमवार, सकाळी ९:०५

भाऊ, त्या उन्हाळ्यात आमच्या बोअरला रात्री दोन-अडीच तास पाणी यायचं. सात घरांना दिलं. घागरींची रांग गेटबाहेर, पाइप मात्र मी धरायचे. स्टार्टरची किल्ली कुणाला दिली नव्हती.

जिंतूरनाका (परभणी) | सोमवार, सकाळी ९:०९

हाव, हे बरोबर बोललात.

बीबी_का_पडोसी (छत्रपती संभाजीनगर) | सोमवार, सकाळी ११:२०

डेटा संपणं ही लहान गोष्ट झाली. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तर तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायपाशी पोचला. वायफाय त्याचं, ईमेल भलत्यानंच पाठवलेला. त्या माणसाची चौकशी झाली, लॅपटॉप तपासायला गेले, नाव देशभरच्या पेपरांत आलं. पुढं मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधत फिरण्याची मोहीमही काढली.

ताई, बाहेरच्या जगाला तुमचं अख्खं घर एकाच पत्त्यानं दिसतं. वरच्या खोलीतून, गेटबाहेरून, कुठूनही काही केलं तरी केबलवाल्याच्या रजिस्टरला नाव तुमचं किंवा तुमच्या ह्यांचं. भाडेकरूंची पोलीस ठाण्यात माहिती देतो आपण, मग हेही त्याच कामात धरा.

गोदाकाठ (नांदेड) | सोमवार, दुपारी १:१०

जेवायच्या सुट्टीत लिहितोय. ताई, आज रात्री बसणार असाल तर क्रमानं सांगतो.

सगळ्यात आधी राउटरच्या आत जायचा पासवर्ड. वायफायचा वेगळा आणि हा वेगळा, लोक इथंच गफलत करतात. तुम्ही बुडाच्या कागदावरचा टाकून आत गेलात, म्हणजे जिन्यात राउटर उलटा करून बघणारा कुणीही जाऊ शकतो. आत गेलेला माणूस तुमचा नवा वायफाय पासवर्डही वाचेल आणि डीएनएसही बदलेल. डीएनएस म्हणजे वेबसाइटचं नाव सांगितल्यावर पत्ता सांगणारा. तोच फितूर झाला तर बँकेचं नाव टाकून तुम्ही भलत्याच पानावर जाल. २०१६ ला मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर असेच ताब्यात घेतले होते. कारखान्यातून आलेला अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन छापाचा पासवर्ड कुणी बदलला नव्हता, बाकी काही जादू नव्हती.

मग डब्ल्यूपीएस बंद करा. पासवर्ड न टाकता फोन जोडायची सोय, मागचं ते बटण. त्यात आठ आकडी पिन असते. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात, पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि राउटर पहिले चार आणि नंतरचे तीन वेगळे तपासून 'पहिला भाग बरोबर' असं सांगून टाकतो. दहा हजार अधिक एक हजार, संपलं. २०११ च्या डिसेंबरात हे बाहेर आलं, तरी अजून जुन्या खोक्यांत ते चालूच असतं.

सिक्युरिटीला, म्हणजे हवेतला डेटा कुलूपबंद करायच्या पद्धतीला, डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा. टीकेआयपी दिसलं तर घेऊ नका, एक तर जुनं, वर त्यानं स्पीड ५४ एमबीपीएसच्या पुढं जात नाही. डब्ल्यूपीए३ मिळत असेल तर उत्तम, २०१८ पासून आलंय, त्यात ती हवेतून खूण टिपून घरी नेऊन फोडायची युक्ती चालत नाही. जुना टीव्ही जोडला गेला नाही तर दोन्हीची मिश्र सोय निवडा.

आता मुख्य गोष्ट. वरच्या पोरांसाठी गेस्ट नेटवर्क काढा. केबलवाल्याच्या खोक्यात ते 'एसएसआयडी २' अशा नावानं असतं, एसएसआयडी म्हणजे वायफायचं नाव. घरचं वेगळं, खोल्यांचं वेगळं, दोन्ही पासवर्ड वेगळे. शेजारी, पाहुणे, फॉर्म भरणारं पोरगं, सगळ्यांना खोल्यांचा द्या, दर परीक्षेनंतर बदला, कुणाला वाईट वाटायचा प्रश्न नाही. तिथं 'आयसोलेशन'ची खूण करा म्हणजे गेस्टवरच्याला तुमचा लॅपटॉप, टीव्ही दिसणार नाही. स्पीडची मर्यादा घालता येत असेल तर तीही घाला. हीच तुमची पाइप आणि स्टार्टरची गोष्ट.

राउटर जिन्यात असेल तर घरात घ्या. मागच्या भोकात टाचणी दहा सेकंद दाबली की सगळं पुन्हा कागदावरच्या पासवर्डवर येतं. हे पोरांना तुमच्याआधी माहीत असतं.

केबलवाला म्हणेल, मॅडम तुम्ही हात लावू नका, वॉरंटी जाईल. काही होत नाही. पण त्यांच्याकडून लांबून सेटिंग लादली जाते आणि कधीकधी तुमचे बदल पुसले जातात, तेव्हा महिन्यातून एकदा डोकावा.

शेंगाचटणी (लातूर) | मंगळवार, रात्री १०:१५

झालं! काल रात्री साडेअकरा ते दीड. मध्ये लाइट गेली, इन्व्हर्टरवर राउटर नव्हता, परत पहिल्यापासून. आधी यादी बघितली. सगळे झोपलेले असताना जोडलेले अकरा. त्यातल्या दोघांचं दुसरं अक्षर तुम्ही सांगितलेल्यांपैकी नाही, आणि दोन्हींचा पहिला अर्धा भाग सारखाच. नेटवर शोधलं तर कॅमेऱ्यात वगैरे बसवायच्या वायफाय चिपची कंपनी निघाली. आमच्याकडं कॅमेराच नाही.

पासवर्ड बदलला. सकाळी आठला दूध तापवत होते तर शेजारचे काका दारात. "वहिनी, रात्रीपासून आमचे कॅमेरे बंद पडलेत, तुमच्याकडं लाइट आहे का?"

गॅस बंद केला आणि त्यांच्या गेटवर गेले. दोन फिरते कॅमेरे, एक गेटकडं, एक पार्किंगकडं. चार महिन्यांपूर्वी बसवले. बसवणारा कोण, तर आमच्याकडं फायबर जोडायला आलेला तोच मुलगा, कॅमेऱ्याचीही कामं घेतो. काकांच्या घरी नेट नाही. त्यानं सांगितलं होतं, नेटचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका. त्याच्या फोनमध्ये आमचा पासवर्ड होताच. काकांनी तर त्याला 'नेटचे' म्हणून वेगळे पैसे दिलेत! काका इतके ओशाळले की मलाच चहा करून पाजायची वेळ आली.

गोदाकाठ (नांदेड) | मंगळवार, रात्री १०:३२

चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवणारे असतील. हिशोब करा. दोन कॅमेरे मिळून १ एमबीपीएस धरला तरी दिवसाला १०.८ जीबी, तीस दिवसांत ३२४. पाठवलेला डेटाही प्लॅनमध्ये मोजला जातो. ५०० तले ३२४ तिथंच गेले.

एक महत्त्वाचं. ते कॅमेरे कुणाच्या फोनमधल्या अ‍ॅपवर नोंदवलेत? काकांच्या की त्या मुलाच्या?

शेंगाचटणी (लातूर) | बुधवार, दुपारी ३:५०

मुलाच्या. काकांना नुसतं 'शेअर' केलेलं. म्हणजे चार महिने काकांचं गेट, आणि त्या कोनातून आमचाही अर्धा जिना, त्याच्या फोनवर. त्याला फोन केला, म्हणाला, "काकू, सोयीसाठी केलं होतं." वाईट पोरगा नाही तो. पण कशाची सोय?

गोदाकाठ (नांदेड) | बुधवार, दुपारी ४:०५

त्याला आधी त्याच्या अ‍ॅपमधून दोन्ही काढून टाकायला सांगा, समोर बसवून. बऱ्याच कॅमेऱ्यांत मूळ खात्यातून काढल्याशिवाय दुसऱ्याकडं नोंद होतच नाही. मग कॅमेऱ्याचं रीसेट दाबून काकांच्या फोनवर, काकांच्या ईमेलनं नव्यानं जोडा. आणि रेकॉर्डिंग क्लाउडऐवजी आतल्या मेमरी कार्डवर, फक्त हालचाल झाली की.

शेंगाचटणी (लातूर) | शुक्रवार, रात्री ८:३०

केलं सगळं. मुलगा येऊन गेला, नेटचे पैसेही काकांना परत दिले. काकांचं स्वतःचं कनेक्शन येईपर्यंत कॅमेरे आमच्या 'खोल्या' वायफायवर आहेत, मेमरी कार्ड टाकलंय. तीन दिवसांत मिळून ३१ जीबी गेले, पोरांच्या व्हिडिओंसकट.

धपाटे आणि दही घेऊन वर गेले होते. बटणवाल्या पोराला म्हटलं, चुकलं माझं. ते म्हणालं, काकू, राउटर जिन्यातून काढल्यापासून आमच्या खोलीत रेंज कमी झाली. घ्या!

नीट_रिपीटर (लातूर) | शुक्रवार, रात्री ८:४१

२.४ वर जोडायला सांगा काकू, ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडं दम तोडतो.

येडशीचा_वाटसरू (धाराशिव) | शुक्रवार, रात्री ८:५५

ताई, गेटवरच्या बोर्डाचं काय केलंत?

शेंगाचटणी (लातूर) | शुक्रवार, रात्री ९:०२

रंगवून घेतला. आता ह्यांचा नंबर टाकलाय.

येडशीचा_वाटसरू (धाराशिव) | शुक्रवार, रात्री ९:०४

आणि ह्यांचा नंबर कशाकशाचा पासवर्ड आहे?

शेंगाचटणी (लातूर) | शुक्रवार, रात्री ९:०५

थांबा, विचारून येते.